जॉय डिव्हिजन: समोर उभं राहून ऐकलेल्यांना काय आठवतं

१९७९ साली ज्यांनी जॉय डिव्हिजन या इंग्लंडच्या रॉक बँडला स्टेजसमोर उभं राहून ऐकलं ती माणसं आज साठीच्या आसपास आहेत, काही पुढे गेलीत, आणि त्यांच्या आठवणी ऐकायला बसलं की सगळ्यात आधी निघतो तो आवाजाचा विषय. प्रचंड आवाज. कान बधीर करणारा, छातीत धडधडणारा. आपण हा बँड ओळखतो रेकॉर्डवरून, आणि रेकॉर्डवर तो थंड वाटतो, लांबून कुठूनतरी येतोय असा, मध्ये केवढी तरी मोकळी जागा, त्यामुळे जगभर समज असा झाला की उदास पोरांचा उदास बँड. तिथे असलेली माणसं म्हणतात, छे, तसं नव्हतंच, चौघं नुसते तुटून पडायचे.

मला या व्हिडिओत त्या चौघांबद्दल बोलायचंय. एकट्या इयान कर्टिसबद्दल खूप बोललं गेलंय आणि त्याच्या मृत्यूबद्दल तर त्याच्या गाण्यांपेक्षा जास्त बोललं गेलंय, हे मला मनापासून खटकतं.

सुरुवात मँचेस्टरला. ४ जून १९७६, लेसर फ्री ट्रेड हॉल नावाची छोटी जागा, सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा शो, भरवणारे हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली, हेच दोघं बझकॉक्स या बँडचे. हॉलमध्ये माणसं जेमतेम चाळीसेक. पुढे ‘मी होतो तिथे’ म्हणणारे हजारोंनी निघाले, पण खरोखर जे होते त्यात सॅलफर्डचे शाळेपासूनचे दोन दोस्त होते, बर्नार्ड समनर आणि पीटर हुक. हुकने दुसऱ्या दिवशी जाऊन बास गिटार विकत घेतली, वाजवता येत नव्हती तरी घेतली. मग मँचेस्टरजवळच्या मॅकल्सफील्डचा इयान गायला आला, ड्रमर दोनचार बदलले आणि १९७७ मध्ये स्टीफन मॉरिस मिळाला, तोही मॅकल्सफील्डचाच. आधी नाव होतं वॉर्सा, १९७८ च्या सुरुवातीला ते झालं जॉय डिव्हिजन. हे नाव एका कादंबरीतून उचललेलं, नाझी छावण्यांत बायकांवर जे अत्याचार झाले त्याच्याशी जोडलेलं, आणि त्यावरून त्यांना तेव्हाही बोल लागले, आजही लागतात. मी इतका चाहता आहे तरी ते नाव मला टोचतं, आणि ते टोचायलाच पाहिजे.

गाव कसं होतं तेही बघा. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्या, आणि सत्तरच्या दशकापर्यंत त्या बंद पडून नुसती धुराने काळी पडलेली विटांची खोकी उरली होती. लालबाग-परळच्या बंद गिरण्यांच्या भिंतींकडेने जे रोज गेलेत त्यांना मी काय वर्णन करून सांगणार. समनरचं लहानपण सॅलफर्डमध्ये गेलं, तिथल्या आख्ख्या गल्ल्या पाडून माणसं टॉवरमध्ये हलवली, शेजारपाजार संपला, आणि तो स्वतः सांगतो की बँडच्या आवाजात जे रिकामपण आहे ते तिकडून आलंय. प्रॅक्टिसची जागा होती लिटल पीटर स्ट्रीटवरची, जुन्या इमारतीतली गारठलेली खोली. ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ या गाण्याचा त्यांचा तो प्रसिद्ध व्हिडिओ एप्रिल १९८० मध्ये तिथेच शूट झालाय.

आता हुकच्या बासकडे या, कारण माझ्या मते अर्धा बँड तिथे आहे. बास म्हणजे साधारणपणे खाली राहून ड्रमला धरून चालणारं वाद्य. हुकचा स्पीकर स्वस्तातला होता आणि समनरच्या गिटारचा अँप एवढा मोठ्याने वाजायचा की खालच्या सुरात हुकला स्वतःचं काही ऐकूच यायचं नाही, म्हणून तो गिटारच्या मानेवर वर वर सरकत गेला, बारीक तारांवर, तिथे निदान ऐकू तरी येत होतं. इयानच्या कानाने ते बरोब्बर पकडलं, तो म्हणायचा हेच वाजव, वरचं वाजव. मग झालं असं की धून बासकडे गेली, गिटार मध्येच येऊन ओरखडे काढून जाते, ड्रम एखाद्या मशीनसारखे नेमके, आणि वर इयानचा तो खोल आवाज, विशीतल्या पोराचा वाटतच नाही. फोटो बघा कुठलाही, हुकची बास पार गुडघ्यापर्यंत लोंबतेय आणि हात तारांवर वरच्या टोकाला. आज कुठल्याही इंडी बँडमध्ये बास गाताना ऐकू आला की ते त्या स्वस्तातल्या स्पीकरचं देणं समजा.

एप्रिल १९७९ ला स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत पहिला अल्बम रेकॉर्ड झाला, ‘अननोन प्लेझर्स’, आणि इथे पाचवा माणूस येतो, प्रोड्यूसर मार्टिन हॅनेट. याने मॉरिसला ड्रम सेट सुटा करायला लावला, एका वेळी एकच ड्रम वाजवायचा, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरायला नको. आता ड्रमर हातपाय एकत्र चालवून ताल धरतो, त्याला सांगितलं नुसता स्नेअर वाजव, तर तो बाकीचा ताल कुठे ठेवणार, मॉरिस म्हणतो मी तो मांडीवर हलक्या हाताने वाजवायचो, पाय काळेनिळे पडले. स्टुडिओतल्या लिफ्टचा आवाज घेतला, काचा फोडून रेकॉर्ड केल्या, आवाज थोड्या उशिराने परत ऐकवणारं, नवीनच आलेलं डिजिटल डिले मशीन वापरून प्रत्येक ठोक्याभोवती मोकळी हवा ठेवली. समनर आणि हुक तयार रेकॉर्ड ऐकून चिडले, आमचा दणका कुठे गेला म्हणून. पुढे हुकनेच हॅनेटचं मोठेपण मान्य केलं. मला दोघांचं पटतं, स्टेजवरचा बँड आणि रेकॉर्डवरचा बँड हे दोन वेगळे बँड आहेत आणि आपल्या नशिबाने दोन्ही उरलेत.

अल्बम १५ जून १९७९ ला निघाला, फॅक्टरी रेकॉर्ड्सने, पहिल्या खेपेला १०,००० प्रती. आणि ते कव्हर. काळ्यावर पांढऱ्या रेघा, पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही, मुंबई-पुण्यात कॉलेजच्या पोरापोरींच्या टीशर्टवर दिसतात त्याच रेघा. ते चित्र समनरला खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशात सापडलं आणि डिझाइनर पीटर सॅव्हिलने पांढऱ्यावरचं काळं उलटं करून काळ्यावर पांढरं केलं. त्या रेघा म्हणजे एका पल्सारच्या, म्हणजे गरगर फिरत ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या मेलेल्या ताऱ्याच्या, रेडिओ लहरी, १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडलेला पहिलाच पल्सार, दर १.३३७ सेकंदाला एक ठोका. एक रेघ म्हणजे एक ठोका, असे एकाखाली एक मांडलेले. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ज्या ४५ मीटरच्या ३० अँटेना उभ्या आहेत ना, जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण, तिथेही पल्सारचाच अभ्यास चालतो, त्यामुळे हा टीशर्ट घातलेलं कुणी जुन्नरच्या एसटीत दिसलं तर मला त्याचा मनापासून आनंद होईल.

सप्टेंबर १९७९ मध्ये बीबीसी टूवर तरुणांच्या एका कार्यक्रमात ते वाजवायला आले आणि घरोघरच्या पोरांनी पहिल्यांदा इयानला नाचताना पाहिलं. कोपर वाकवून हात झपाझप फिरवत, नजर कुठेतरी लांब. दुसऱ्या दिवशी शाळेत तोच विषय, ही आठवण त्या पिढीचे लोक आजही काढतात. त्यांना जे माहीत नव्हतं ते हे, की १९७८ च्या डिसेंबरअखेर लंडनच्या एका शोवरून परत येताना गाडीतच इयानला मोठा झटका आला होता आणि जानेवारीत अपस्माराचं निदान झालं होतं. तो मॅकल्सफील्डच्या सरकारी रोजगार कार्यालयात अपंगांना काम मिळवून द्यायच्या विभागात नोकरी करायचा. तिथे येणारी एक मुलगी झटक्यांनी गेली, तिच्यावर त्याने गाणं लिहिलं, आणि मग तोच आजार त्याला निघाला. पुढे पुढे स्टेजवर नाच कुठे संपतो आणि झटका कुठे सुरू होतो हे समोरच्यांना कळायचं नाही, आणि जुने चाहते हे सांगताना अजूनही अडखळतात, कारण ते टाळ्या वाजवत होते. औषधं भारी, झोप नाही, शोवर शो. एप्रिल १९८० मध्ये मँचेस्टरजवळच्या बरी या गावी तो पूर्ण शो करू शकला नाही तर हॉलमध्ये बाटल्या उडाल्या, मारामारी झाली.

१८ मे १९८० ला, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, इयानने स्वतःचं जीवन संपवलं. वय २३. जूनमध्ये आलेलं ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’चं सिंगल इंग्लंडच्या यादीत १३ व्या नंबरपर्यंत गेलं, १८ जुलैला दुसरा अल्बम आला. त्याच्या या जाण्यात सुंदर काही नाही, एक आजारी मुलगा होता आणि त्याला विश्रांती मिळाली नाही.

उरलेल्या तिघांनी ते नाव सोडलं, आधीपासून तसं ठरलेलंच होतं, आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या गिलियन गिल्बर्टला घेऊन न्यू ऑर्डर हा नवा बँड झाला. १९८३ चं ‘ब्लू मंडे’ तुम्ही ऐकलंय, नाव माहीत नसेल पण ऐकलंय, जगात सगळ्यात जास्त खपलेलं १२ इंची सिंगल. डान्स म्युझिकचा आख्खा रस्ता तिथून जातो. तिकडे यू टू ने आपलं एक सुरुवातीचं सिंगल मुद्दाम हॅनेटकडून करून घेतलं, नाइन इंच नेल्स आणि मोबी यांनी जॉय डिव्हिजनची गाणी स्वतः गायली, न्यूयॉर्कचा इंटरपोल, मिन्स्कचा मोल्चात दोमा हे बँड ऐका, भाषा वेगळी, बास तोच.

मॅकल्सफील्डच्या दफनभूमीत इयानचा दगड आहे, २००८ मध्ये तो चोरीला गेला आणि मग नवीन बसवला. दरवर्षी १८ मेला लोक येतात, काही तर तो गेल्यावर वीस वर्षांनी जन्मलेले.

तुम्ही नवीन असाल तर ‘डिसऑर्डर’ या गाण्यापासून सुरू करा. आधी अल्बमवरचं, हेडफोन लावून. मग १८ डिसेंबर १९७९ चं पॅरिसचं लाइव्ह रेकॉर्डिंग शोधा, ले बँ दूश या क्लबमधलं, २००१ मध्ये अल्बम म्हणून निघालंय, त्याचीही सुरुवात याच गाण्याने आहे. ते स्पीकरवर लावा, मोठ्याने, आणि इयानचा आवाज सुरू झाला तरी लक्ष मॉरिसच्या ड्रमवरच ठेवा.