कारंज्याचा कापूस आणि माटुंग्याची रसायनशाळा

नमस्कार मंडळी,

मी कारंजा लाड तालुक्यातला. त्यामुळे रसायनशास्त्राची गोष्टही मी कापसापासूनच सांगणार. आमचा कापूस जिनिंगमध्ये गाठी बांधून शकुंतलेने, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेगाडीने, मूर्तिजापूरला जायचा आणि तिथून मोठ्या लाइनीने मुंबईच्या गिरण्यांत. कापड विणणारे हात तिथे भरपूर होते, पण ते धुणं, रंगवणं, छापणं शास्त्रशुद्ध जाणणारी माणसं हवी होती. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला, त्यामागे ही गरज होती. सुरुवातीचे विषय दोनच, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. हाच विभाग इंग्रजी आद्याक्षरांनी माटुंग्याची यूडीसीटी म्हणून ओळखला गेला, आताची आयसीटी म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था.

१९३८ मध्ये के. वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. बेकर-वेंकटरामन अभिक्रिया रसायनाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. बाकीच्यांनी पळस आठवावा. रंगपंचमीला फुलं उकळली की पाणी पिवळं व्हायचं आणि आजीने चिमूटभर चुना टाकला की डोळ्यांदेखत केशरी. त्या फुलांतली रंगद्रव्यं फ्लॅव्होनॉइड कुळातली. वेंकटरामन यांची अभिक्रिया त्याच कुळातली फ्लॅव्होन तयार करायला वापरतात. एमएस्सीला असताना हे कळलं आणि आमच्या शिवारातला पळस मला पुस्तकात भेटला, असं वाटलं.

याच वेंकटरामन यांचा एक विद्यार्थी आमच्या कारंज्यात जन्मलेला. डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक, जन्म १९१८. ऑक्सफर्डला नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे संशोधन केलं, परत येऊन माटुंग्याला रंगद्रव्यांचं रसायन शिकवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वेंकटरामन संचालक होते. १९६६ मध्ये ती खुर्ची या शिष्याकडे आली आणि १९७८ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. १९७२ साली पद्मभूषण. मला सगळ्यांत मोठं वाटतं ते यानंतरचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी खेड्यांच्या उपयोगाचं तंत्रज्ञान हेच काम हाती घेतलं, त्यासाठी पुण्यात केंद्र उभं केलं. आमच्या गावच्या किती पोरांना हे नाव माहीत आहे?

माटुंग्याचे बाकीचे विद्यार्थी तुम्हाला माहीत आहेत. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर, घरडा केमिकल्सचे केकी घरडा, डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढणारा, हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा अंजी रेड्डी. आपल्या विदर्भातही कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या खाणींतून कमावलेली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली, त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एलआयटी, उभी राहिली. आमच्या एलआयटीवाल्यांना हे नव्याने सांगायला नको.

आता जरा जड बोलतो. २०१७ मध्ये कपाशीवर कीटकनाशक फवारताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. ज्या कापसामुळे हे शास्त्र आपल्याकडे रुजलं, त्याच कापसाच्या रानात रसायन जीवघेणं ठरलं. दोन औषधं एकत्र करायची का, कपाशी डोक्याएवढी वाढलेली असताना फवारलेलं अंगावर किती येतं, हे बांधावर उभं राहून आपल्या बोलीत सांगणारं माणूस गावात हवं. ते गावातल्याच मुलामुलींतून तयार होणार.

आणि ती मुलं शिकतात कशी? मी तालुक्याच्या कॉलेजात शिकलो तेव्हा चौघांत एक ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायची खुणांची काचनळी, होती. नळ गळका, व्हॅसलिन लावून चालवायचा. टायट्रेशनला, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजायच्या प्रयोगाला, फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं असतं. आमचे दोन थेंब जास्तच पडायचे आणि सगळं भडक गुलाबी. मग वहीत शेजारच्याचं रीडिंग. गेल्या हिवाळ्यात तिथल्या सरांना भेटलो. ब्युरेट आल्यात, पण ड्रायिंग ओव्हन बंद आहे आणि रसायनं वर्षाच्या मध्येच संपतात.

माझी मागणी साधी आहे. आपल्या मंडळाच्या शिक्षण निधीतून यंदा कारंजा, मानोरा, दारव्हा या तीन तालुक्यांतलं एकेक कॉलेज निवडावं आणि त्याच्या रसायन प्रयोगशाळेचा वर्षाचा खर्च उचलावा. पैसे एकदा देऊन भागणार नाही, दरवर्षी द्यावे लागतील. कॉलेजांकडून सामानाच्या याद्या मागवायचं काम माझ्याकडे. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी जेवणाच्या सुट्टीत चिटणीसांकडे नाव द्यावं.