केबलमधला फरक ऐकायला शिकताना

मंडळी, केबल बदलली की आवाज बदलतो का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, इअरफोन कोणता? १.२ मीटरची, २८ गेजच्या तांब्याची केबल घ्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम, जाणं-येणं धरून २.४ मीटर, म्हणजे अर्धा ओहम. ३०० ओहमच्या हेडफोनवर त्यानं आवाज ०.०१५ डेसिबल उतरतो, तो कुणालाच ऐकू येणार नाही. पण अनेक ड्रायव्हरच्या, म्हणजे आत अनेक चिमुकले स्पीकर असलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स (वारंवारतेनुसार बदलणारा रोध) एका वारंवारतेला ४० आणि दुसरीला ८ ओहम असू शकतो. तिथे तीच केबल एकीकडे ०.१ डेसिबल खाते, दुसरीकडे ०.५. आवाजाचा तोलच, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांचं आपसातलं प्रमाणच, ०.४ डेसिबलनं ढळतो. आपल्याला कान तयार करायचा तो एवढ्यासाठी.

चांदीच्या केबलचं हमखास विचारतात. चांदीचा रोध तांब्यापेक्षा ५-६ टक्क्यांनीच कमी. आपल्या नागपुरात २५ अंशांवरून ४५ वर पारा गेला की तांब्याचाच रोध ८ टक्क्यांनी वाढतो! पैसे घालायचेच तर जाडीवर घाला. २४ गेजला तोच अर्धा ओहम ०.२ वर येतो.

आता तुलना. केबल काढून दुसरी लावेपर्यंत अर्धं मिनिट जातं, आणि बारीक फरकाची आठवण कानात काही सेकंदच टिकते. शिवाय इअरफोन पुन्हा घालताना टीप (कानात बसणारी रबरी टोपी) जराशी सैल बसली की बास कितीतरी डेसिबलनं पडतो. ३.५ मिलिमीटरच्या साध्या जॅकवरून ४.४ च्या बॅलन्स्ड आउटपुटवर (यात ऋण टोकही ग्राउंडला नसतं, त्यालाही अँप्लिफायरच चालवतो) गेलात, तर बऱ्याच प्लेअरमध्ये व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल जास्त. मोठा आवाज नेहमीच ‘खुललेला’ वाटतो.

म्हणून इअरफोन जोडलेला ठेवून त्याच्या टोकाशी येणारं व्होल्टेज ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकाला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या डबीच्या) लाइन इनपुटवर रेकॉर्ड करा. तेच वीस सेकंद, दोन्ही केबलवर, फक्त डावी बाजू. प्लेअर बॅटरीवर चालवा; चार्जरला किंवा रेकॉर्डिंगच्याच लॅपटॉपला जोडलात तर परतीचा प्रवाह केबल सोडून ग्राउंडमधून जाऊ शकतो आणि मोजायचा फरकच गळतो. बॅलन्स्ड आउटपुटचं ऋण टोक तर ग्राउंडला मुळीच लावू नका, अँप जळू शकतो. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइलींची पातळी १ किलोहर्ट्झच्या सुरावर ०.१ डेसिबलच्या आत जुळवा आणि फूबार२००० या म्युझिक प्लेअरच्या एबीएक्समध्ये टाका; त्यात दर फेरीला लपवलेली फाइल ‘ए’ की ‘बी’ हे नुसतं ऐकून ओळखायचं. इअरफोन कानातून निघत नाही, आणि ‘आत्ता कोणती वाजतेय’ हे तुम्हालाही कळत नाही.

कानाचा सराव मात्र थेट केबलवर सुरू करू नका. सीताबर्डीच्या बाजारातून पाव वॉटचे रेझिस्टर आणा: १०, ४.७, २.२ आणि १ ओहम. एकेक केबलच्या वाटेत घालून असंच रेकॉर्ड करा. वरच्या ८-४० ओहमच्या इअरफोनवर १० ओहमनं तोल ५ डेसिबल ढळतो, १ ओहमनं ०.८. आधी पिंक नॉइजवर ऐका. त्यात सगळ्या वारंवारता सतत हजर असल्यानं तोल ढळल्याचं चटकन कळतं. मग तानपुरा, मग तबल्याच्या किनारीचा पाच सेकंदांचा तुकडा, परत परत. अख्खं गाणं लावलंत तर लक्ष गाण्यात जातं. एक पायरी पक्की झाल्याशिवाय खाली उतरू नका. सरावाला बसताना कूलर बंद. त्याची घरघर नेमके हेच फरक झाकते.

चाचणी १६ फेऱ्यांची, आणि आकडा आधीच ठरवून. जमतंय असं दिसल्यावर मध्येच थांबलात तर निकाल बाद. नुसत्या अंदाजानं १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते; ११ ला ती १० टक्क्यांवर जाते, म्हणून ११ धरू नका.

आणि एकाच गेजच्या, एकाच लांबीच्या दोन केबलींत १२ बरोबर आले, तर आधी कनेक्टर बघा. घामानं पिना काळवंडतात, रोध वाढतो, कधी एकाच बाजूचा. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या आणि सोळाच्या सोळा फेऱ्या पुन्हा घ्या.