चिलटाचा पत्ता चिखलात

मंडळी, सुरुवातीला जरा हात वर करा बघू. संध्याकाळी झाडांना पाणी घालताना घोट्यावर ठिणगी पडल्यासारखं होतं, खाली बघावं तर काहीच नाही, आणि रात्री अंथरुणात नेमकी तिथंच खाज सुटते, असं कुणाकुणाला होतं? बरेच हात दिसतायत. बरं वाटलं. घरी मला ऐकावं लागतं की तुम्हाला भास होतात.

आपण याला चिलट म्हणतो, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. पिकल्या केळ्यांवर घोंगावतात तीही आपल्या भाषेत चिलटं, कुंडीतल्या ओल्या मातीतून उडतात तीही चिलटं, मोरीच्या भिंतीवर बसणारी केसाळ माशी तीही चिलटच. हे तिघंही चावत नाहीत. त्यांच्यावर औषध मारून कुणी हात झाडत असेल तर गुन्हेगार मोकळा आणि शेजारी आत, असं झालं. चावणारं चिलट वेगळ्या कुळातलं, त्याचं शास्त्रीय नाव क्युलिकॉइडिस. लांबी 1 ते 3 मिलीमीटर. खसखशीला पंख फुटले असं समजा. भिंगाखाली धरलं तर बहुतेकांच्या पंखांवर राखाडी ठिपक्यांची नक्षी दिसते, आणि बसलेलं असताना पंख पाठीवर एकावर एक, मिटलेल्या कात्रीसारखे. पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे धरून बसणारी ती वाळूमाशी. तिचा विषय गंभीर आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव ज्या विषाणूला 1965 साली मिळालं, तो पसरवण्यात वाळूमाशीचा हात असतो. तिच्याबद्दल आज नको.

चावते ती फक्त मादी, अंड्यांसाठी रक्त लागतं म्हणून. डास सुई टोचतो, ही बाई कातरी चालवते. जबड्याच्या दातेरी पात्यांनी कातडी कापायची, रक्ताचा एवढासा थेंब जमू द्यायचा आणि तो शोषायचा. जखम दिसत नाही एवढी बारीक, पण तिची लाळ आपल्या अंगाला मानवत नाही, म्हणून ती खाज दोन-दोन दिवस पिच्छा सोडत नाही. मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग या चिलटांमुळं पसरतो. मेंढपाळांना तो चांगला ठाऊक आहे. माणसाला तो होत नाही. दक्षिण अमेरिकेत ओरोपूश नावाचा ताप चिलटं पसरवतात. आपल्याकडं माणसाचा मुख्य हिशेब खाजेचाच. थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन, आणि नखं कापलेली. फार सूज आली तर डॉक्टर.

आता मुद्द्यावर येतो. डासांबद्दल आपण जे जे शिकलो ते इथं बहुतेक फुकट जातं. मी स्वतः ते सगळं करून बसलोय. आमचं घर कोल्हापुरात कसबा बावड्याच्या बाजूला, मागं उसाचं रान, पलीकडं पंचगंगा नदी. मी कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि घरच्या बागेत मात्र अडाण्यासारखा वागलो. आठवड्याचा कोरडा दिवस पाळला. हौदात गप्पी मासे सोडले. खिडक्यांना जाळ्या बसवल्या. गवती चहाचा ताटवा लावला, कारण कुणीतरी सांगितलं वासानं पळतात. चिलटं पळाली नाहीत, आम्हाला चहा मात्र भरपूर मिळाला. झाड नुसतं उभं राहून कुणाला हाकलत नाही हो.

मासे का चालले नाहीत? कारण डासाची अळी साचलेल्या पाण्यात वर येऊन श्वास घेते, आणि चिलटाची अळी चिखलात असते. उघडं पाणी तिला फारसं लागत नाही. तिला हवी ओल आणि कुजलेलं काहीतरी: शेण मिसळलेली माती, पालापाचोळ्याचा काला, डबक्याचा काठ. दोऱ्याच्या तुकड्याएवढी पांढुरकी अळी, पाण्यात टाकली तर सापासारखी वळवळते. आणि साधी जाळी? तिची भोकं साधारण सव्वा मिलीमीटरची. चिलट त्यातून पाहुण्यासारखं आत येतं.

म्हणून मी ठरवलं, आधी पत्ता शोधायचा. युक्ती सोपी आहे, कागद असेल तर लिहून घ्या. जुनी काळी बादली घ्या, तिच्या बुडाला भोक पाडा, त्यात पारदर्शक बाटलीचं तोंड घट्ट बसवा, बाटलीला आतून एरंडेल चोळा. मग बादली संशयित ओल्या जागेवर उपडी ठेवा, कडेला माती थापून फटी बुजवा. मातीतून जे किडे बाहेर पडतील ते उजेडाकडं, म्हणजे बाटलीकडं जातात आणि तेलाला चिकटतात. आठवडाभर हलवायची नाही. मी अशा चार बादल्या ठेवल्या: नळाखाली, कंपोस्टच्या ढिगावर, केळीच्या बेटात, आणि जीवामृताच्या, म्हणजे शेणा-गोमूत्राच्या पातळ खताच्या पिंपाशेजारी.

कंपोस्टवर माझा दाट संशय होता. तिथं एकही चिलट निघालं नाही. ढीग वरून कोरडा होता. नळाखाली थोडी. केळीच्या बेटात बरीच, कारण घड उतरवल्यावर खांब तोडून आम्ही तिथंच टाकत होतो आणि ते कुजत होते. पण पिंपाजवळची बाटली! भिंग लावून मोजायला बसलो आणि मध्येच मोजणं सोडलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, सगळं ढवळताना जे सांडायचं त्याचा पिंपाभोवती कायमचा राडा झालेला. रोज सकाळी मी कौतुकानं काठी फिरवत होतो आणि पायाखाली चिलटांचं गुऱ्हाळ चालू होतं.

जीवामृत सोडा असं मी म्हणत नाही. पिंप फरशीवर घेतलं, फरशीला उतार दिला, सांडलेलं धुऊन ते पाणी वाफ्यात पसरून टाकायला लागलो, एका जागी मुरू दिलं नाही. नळाखाली खडीचा शोषखड्डा केला. केळीचे खांब उभे चिरून उन्हात टाकतो, वाळल्यावरच आच्छादनाला वापरतो. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी, म्हणजे दिवसभरात वरची माती सुकते. नदीकाठच्या लोकांना आणखी एक सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोका पातळी ओलांडतं तेव्हा आपलं लक्ष घरात असतं. पूर ओसरल्यावर परसात जो गाळ राहतो तो ढिगानं ठेवू नका, पातळ पसरून वाळवा. 2019 च्या पुरानंतर आमच्या घरी तो ढीग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच होता.

हे सगळं केलं आणि दुसऱ्या दिवशीपासून चावे थांबले असं काही झालं नाही. उडणारी चिलटं दोन-तीन आठवडे जगतात, आणि मातीत असलेल्या अळ्या आपापल्या वेळेला बाहेर येतात. महिनाभर तरी धीर धरा. या महिन्यातच माणसं वैतागून विषारी फवारणी करतात. त्यानं उडणारी मरतात, चिखलातली शाबूत राहतात, मधमाश्या मात्र जातात. याच कुळातल्या काही माश्या कोकोच्या फुलांचं परागीभवन करतात, म्हणजे चॉकलेटवर त्यांचे उपकार आहेत. आपल्या घोट्यावर नाहीत, हे मान्य.

तोवर स्वतःला कसं वाचवायचं? पंखा. खरंच सांगतो, सगळ्यात स्वस्त उपाय पंखा. चिलट फार दुबळं उडतं. ताशी दहाएक किलोमीटरचा वारा सुटला की ते उडायचंच थांबतं. व्हरांड्यात उभा पंखा लावा, पण त्याचं तोंड खाली, पायांकडं. पहाट आणि तिन्हीसांज या त्यांच्या वेळा, तेव्हा बागेत जायचंच असेल तर पायमोजे आणि पूर्ण बाह्या. डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम लागू पडतं. शेणीचा, कडुनिंबाचा धूर चालतो, पण धूर आहे तोवरच, आणि घरात दम्याचं कुणी असेल तर नकोच.

मागून एक ताई विचारतायत, आता तुमच्याकडं अजिबात नाहीत का? आहेत की. कमी झाली, पण कुंपणाच्या पूर्वेच्या बाजूला अजून चावतात. भिंतीपलीकडं गोठा आहे, चार म्हशी, आणि मुताची मोरी उघडी. दोनदा सांगायला निघालो आणि दोन्ही वेळा दारातून परत आलो. आमचा दुधाचा रतीब तिथलाच आहे, आणि असं धारोष्ण दूध सगळ्या बावड्यात नाही.