ठरल्या दिवशी येणारी बोट

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'मिशनच्या वैद्यकसेवेतून आपण काय घ्यावं'. त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी शिबिरांबद्दल बोलू द्या, त्याशिवाय पुढचं तुमच्या गळी उतरायचं नाही.

आपल्या इंदूरहून अलीराजपूरकडे आरोग्य शिबिरं जातात. सकाळी पोहे-जलेबी खाऊन गाड्या निघतात, शाळेच्या व्हरांड्यात बॅनर लागतो, रक्तदाब मोजतात, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या वाटतात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परतीला लागतात. जाणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, मनाची चांगली आहेत. तरी मला राग येतो. रक्तदाबाच्या म्हाताऱ्याला दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. अकराव्या दिवशी त्यानं कुणाचं दार ठोठवायचं?

हा राग कुठून आला ते सांगते. निवृत्तीनंतर मी एका ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्याच्या बोटीवर रक्त तपासायला जाऊ लागले. नर्मदाकाठ, अलीराजपूर जिल्ह्यातला सोंडव्याकडचा भाग. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली बंद झाले आणि २०१९च्या सप्टेंबरात पाणी १३८.६८ मीटरला, म्हणजे धरणाच्या पूर्ण पातळीला टेकलं. भिलांची घरं मुळातच विखुरलेली, टेकडीगणिक एखाद-दुसरं. आता शेजारच्या टेकडीवर जायचं तरी होडी लागते. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा तर आणखी हाल, काठाला गुडघाभर गाळ. सूक्ष्मदर्शकाची पेटी डोक्यावर घेऊन त्यातून चालायचं.

अशाच एका फळियातली, म्हणजे वस्तीतली, बाई आली. ताप जायचा, महिन्या-दोन महिन्यांनी परत यायचा. तिनं पदराची गाठ सोडली आणि क्लोरोक्विनच्या रिकाम्या पट्ट्या माझ्यापुढे मांडल्या, निरनिराळ्या शिबिरांतल्या. एक गोळी चुकवली नव्हती बिचारीनं! काचेवर तिच्या रक्ताचा थेंब पसरला, परजीवी दिसावा म्हणून जेएसबी नावाचा रंग दिला, पाहते तर व्हायव्हॅक्स मलेरिया. फुगलेल्या तांबड्या पेशी, आत वेडावाकडा परजीवी. आता बघा, क्लोरोक्विन रक्तातला परजीवी मारतं; यकृतात दडून बसलेल्याला ते हात लावत नाही. त्याला प्रायमाक्विन लागतं, चौदा दिवस. आणि ती सहज वाटायची गोळी नव्हे. जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी तिनं फुटतात. म्हणजे पंधरवडाभर कुणाचं तरी लक्ष हवं. एका दिवसाच्या शिबिरानं चौदा दिवस आणायचे कुठून?

बोटीवरच्या सिस्टर केरळच्या, पण भिली अशी बोलायच्या की बायका त्यांना माहेरची गाऱ्हाणी सांगत. बाई गरोदर नाही, अंगावर पाजत नाही, याची त्यांनी खात्री केली. मग नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "लघवी काळ्या चहासारखी झाली की गोळी बंद. आणि काठच्या झाडाला तांबडं फडकं बांध." फडकं दिसलं की मासेमारीच्या होड्यांनी आमच्याकडे निरोप पोचवायचा, असं ठरलेलं होतं.

पुढच्या गुरुवारी धो धो पाऊस. नावाडी नको म्हणत होता. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आपण गुरुवार सांगितलाय." पाऊस जरा ओसरल्यावर निघालो. बाई भिजत काठावर उभी होती, हातात पट्टी, आणि पट्टीत बरोबर सात जागा रिकाम्या. तिला बोट येणार याची खात्री होती म्हणून ती सात गोळ्या घेऊ शकली. मला जे सांगायचंय ते हेच आहे. मिशनचं बळ पैशात नाही, नेमात आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग भरभर सांगते.

मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं आणि आयुष्याची तीन तपं भारतात घालवली. 'मिरजेला नेलं' हे वाक्य तुमच्याही घरांत ऐकलेलं असेल. डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर १९१३ साली आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये ओगोवे नदीकाठच्या लांबारेनेला गेले. पहिल्या महायुद्धानं आणलेला खंड सोडला तर ते पुन्हा पुन्हा तिथंच परतत राहिले आणि १९६५ साली तिथंच वारले. दोघंही परत परत त्याच दारात उभे राहिले.

धर्मांतराचं काय, अशीही एक चिठ्ठी आहे. प्रश्न रास्त आहे. श्वाइट्झरना तर पॅरिसच्या मिशननं धर्मोपदेश न करण्याच्या अटीवरच घेतलं होतं. आमच्या बोटीचं मी पाहिलं ते सांगते. सुटण्याआधी प्रार्थना व्हायची, ज्याला बसायचं तो बसे. मी माझ्या देवाचं नाव घेई. रुग्णाला नाव, फळिया आणि दुखणं यापलीकडे काही विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही. बडव्याकडून, म्हणजे भिलांच्या भगत-वैदूकडून, आलेल्यालाही सिस्टर रागावत नसत.

तेव्हा इंदूरच्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: वर्षाला दहा गावं करू नका. एकच फळिया धरा, महिन्याचा एकच वार धरा. तिथं राहणाऱ्या सिस्टरच्या, आशा आरोग्यसेविकेच्या हाताखाली काम करा. औषध बदलायचं तर आधी तिला विचारा. रुग्णाची नोंदवही फळियातच ठेवा. मजुरीला गुजरातेत गेलेली माणसं भगोरियाला, होळीआधीच्या भिलांच्या जत्रेला, घरी येतात, तेव्हाची फेरी तर चुकवूच नका. क्षयाचे, सिलिकोसिसचे (दगडाच्या धुळीनं फुप्फुसं खराब होण्याचे) रुग्ण तेव्हाच भेटतात.

ज्यांना यायचंय त्यांनी बाहेरच्या टेबलावर नाव द्यावं. दोन वर्षं जमणार नसेल तर नाव देऊ नका. बोटीच्या डिझेलसाठी डबा ठेवलाय, त्यात टाका.