फर्मवेअरसकट पेनड्राइव्ह

(दृश्य: औसा तालुक्यातली जिल्हा परिषद शाळा. टेबलावर लॅपटॉपची रांग.)

हे लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचे. विंडोज ११ यांच्यावर चालत नाही आणि विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. म्हणून इथं डेबियन लिनक्स ही खुल्या कोडची मोफत सिस्टिम टाकतोय.

(दृश्य: काळी स्क्रीन, सरकत्या ओळी. एका ओळीवर कॅमेरा थांबतो.)

ही ओळ बघा. ‘आयडब्ल्यूएलवायफाय-७२६०’. इंटेलची वायफाय चिप तिची फाइल मागतेय. हेच फर्मवेअर. चिपशी बोलणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात असतो, पण चिप सुरू होताना तिच्या आत हा प्रोग्राम भरावाच लागतो. नाही भरला, तर चिप धडधाकट असूनही वायफाय दिसत नाही.

या फायलींचा मूळ कोड खुला नाही, म्हणून डेबियन त्या पेनड्राइव्हवर टाकायच्या आपल्या अधिकृत प्रतीत ठेवत नसे. इन्स्टॉलर, म्हणजे डेबियन बसवणारा प्रोग्राम म्हणायचा, दुसऱ्या पेनड्राइव्हवरून द्या. आता ती फाइल नेटवरून आणायची, आणि नेटसाठी तीच फाइल हवी! खुल्या कोडचा आग्रह आम्हालाही प्रिय आहे. पण त्याची किंमत रेंज नसलेल्या शाळेनं का मोजायची?

ऑक्टोबर २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून नियम बदलला. १० जून २०२३ला आलेल्या डेबियन १२पासून फर्मवेअर अधिकृत प्रतीतच असतं.

(दृश्य: लॅपटॉपला पेनड्राइव्ह लागतो. इन्स्टॉलरची निळी पट्टी पुढं सरकते.)

प्रत मात्र फुगली. नेटइन्स्टची, म्हणजे बाकीचं नेटवरून उतरवणारी छोटी प्रत डेबियन ११ला चारशे एमबीच्या आत होती, १२ला सहाशेच्या पुढं गेली. एनव्हिडियाच्या नव्या ग्राफिक्स कार्डांची तर एकेक फाइल वीस एमबीहून मोठी. हे सगळं सुरुवातीलाच रॅममध्ये ओतलं, तर कमी रॅमचं मशीन तिथंच अडकेल. इन्स्टॉलर रॅममधूनच चालतो ना. म्हणून फर्मवेअरची पॅकेजं पेनड्राइव्हवरच बांधून ठेवलेली असतात. इन्स्टॉलर मशीनमधली उपकरणं ओळखतो, कर्नलनं कोणती फाइल मागितली ते त्याच्या नोंदीत बघतो आणि लागेल तेवढंच पॅकेज उघडतो. नव्या सिस्टिममध्येही तेच टाकतो, म्हणजे रीस्टार्टनंतर वायफाय टिकतं. ज्यांना बंद कोड नकोच, ते बूट करतानाच ‘फर्मवेअर=नेव्हर’ (firmware=never) लिहून हे सगळं थांबवू शकतात. ही मोकळीक ठेवली, हे फार बरं झालं.

(दृश्य: नेटवर्कची यादी उघडते. मागून आवाज: “सर, आलं की वायफाय!” मुली स्क्रीनभोवती गोळा होतात. निवेदन नाही.)

या खोलीतले लॅपटॉप आता शाळेच्या कामाला लागलेत.

तुमच्याकडं जुना पेनड्राइव्ह असेल, तर नवी प्रत उतरवून घ्या. ९ ऑगस्ट २०२५ला डेबियन १३ आलंय. ३२ बिटच्या, म्हणजे फार जुन्या प्रोसेसरच्या पीसीसाठी मात्र त्याचा इन्स्टॉलर नाही. तिथं १२च वापरा.