फक्कीच्या घरात एक संध्याकाळ

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय 'स्वतःचं घर बांधताना', म्हणजे बिल्डरचा फ्लॅट नाही, प्लॉट आपला, नकाशा आपला अन कटकटही आपलीच. पाया, भिंती, स्लॅब, लाईट फिटिंग असं सगळं क्रमानं सांगायचं म्हणून मी चांगला दोन पानं कागद लिहून आणलाय, पण आधी आमच्या फक्कीच्या घराची गोष्ट सांगते, फक्की म्हणजे जमिनीवर आखणीच्या रेघा मारायची पांढरी भुकटी, ती सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सुचतच नाही, घरचे म्हणतात तू ही गोष्ट दूधवाल्यालाही सांगून झालीस. असू दे.

तर आम्ही आधी नागपुरात महाल भागात राहायचो. मातीच्या जाड भिंती, पुढे सपरी, मागे विहीर. वाटण्या झाल्या अन आम्ही बेसाकडे प्लॉट घेतला, तीस बाय पन्नास, दीड हजार फूट. आर्किटेक्ट म्हणजे एक तरुण पोरगा, हुशार, पुण्यात शिकून आलेला. त्यानं लॅपटॉपवर थ्रीडी दाखवलं. काय घर होतं महाराजा! सगळं ग्रे, समोर जमिनीपासून छतापर्यंत काच, दुमजली उंचीचा हॉल. आमच्या ह्यांनी त्याच रात्री तो फोटो डीपीला लावला, तेव्हा प्लॉटवर फक्त गाजर गवत होतं. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाह्यलं अन म्हणाल्या, "घर तं मस्त आहे बाबू, पण हे आहे कुठलं?"

(हा ग्रे रंग कोणी काढला मला खरंच कळत नाही. नवीन लेआऊटमधून जा, दहा घरं ग्रे, अकरावं डार्क ग्रे. आपल्या गावात धूळ फुकट मिळते, ती विकत कशाला लावायची भिंतीला.)

बरं. एप्रिलमधला रविवार. मिस्त्री पायाच्या आखणीसाठी आला होता, फक्की मारायला. तो म्हणाला, ताई, मी नुसत्या पायाच्या रेघा मारण्यापेक्षा सगळ्या खोल्याच आखून देतो, दारं खिडक्यांच्या जागा सोडतो, तुम्ही फिरून पाहा. आम्ही म्हटलं चला. चटई घेतली, फोल्डिंगच्या चार खुर्च्या, थर्मास, चिवडा, अन सगळं कुटुंब साडेचार वाजता प्लॉटवर हजर, आर्किटेक्टलाही बोलावलं.

सासूबाई आल्या त्या सरळ हॉलच्या भिंतीतून. माझी मुलगी ओरडली, "आजी, भिंतीतून नको, दारातून ये!" तर आई परत फिरल्या, रेघेला वळसा घालून दारापाशी गेल्या अन सवयीनं चपला बाहेर काढल्या. जमीन अशी तापलेली की दोन पावलांत परत बाहेर. म्हणे, "स्वतःच्या घरात चप्पल घालून फिराव लागते, हे पह्यल्यांदाच पाहून राह्यली मी."

मग जो तो आपापल्या खोलीत. हे मास्टर बेडरूममध्ये चटईवर आडवे. मी किचनमध्ये उभी, उजव्या हाताला गॅस, डाव्या हाताला सिंक, अन वळले की फ्रिजची रेघ पायाला लागायची, म्हणजे फ्रिजचं दार पूर्ण उघडलंच नसतं, हे कागदावर मला सहा महिन्यांत दिसलं नव्हतं बरं का. रस्त्यानं फिरायला निघालेलं एक जोडपं थांबलं अन विचारलं, "काका, कसली पूजा आहे?" ह्यांनी झोपल्या झोपल्या सांगितलं, "पूजा नाही, आम्ही घरी आहोत."

अन आई बसल्या आपल्या खोलीत. त्यांची खोली पश्चिमेला, नकाशावर त्या खिडकीपाशी पोरानं हौसेनं 'सनसेट व्ह्यू' असं लिहिलं होतं. पाच मिनिटं झाली, आईंनी खुर्ची सरकवली. परत सरकवली. मग पदर डोक्यावर घेतला. आर्किटेक्ट म्हणाला, "आजी, आता उघडं आहे म्हणून ऊन लागतं, इथं भिंत येईल ना." आई म्हणाल्या, "भिंत कुठी आहे? तुनं तं काच लिहिली आहे."

पोरगा आपल्याच नकाशाकडे पाहत राह्यला. मग सूर्याकडे पाह्यलं. मग परत नकाशाकडे.

तेवढ्यात आईंचा दुसरा प्रश्न. "बरं, कूलर कुठी?" तो म्हणाला, आजी, प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट आहे. "एसीत माहे गुडघे धरतात बाबू. कूलर कुठी?" नागपुरातलं तीन बेडरूमचं घर अन त्यात कूलरची एकही खिडकी नाही! आम्ही सगळ्यांनी तो नकाशा पन्नासदा पाह्यला होता, कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण आम्ही फोटो पाहत होतो. त्या पोराचं मला कौतुक वाटतं, तो चिडला नाही. बुटानं फक्की पुसायला लागला. अंधार पडेपर्यंत मोबाईलच्या उजेडात रेघा पुसणं अन मारणं चाललं होतं. जिना, बाथरूम अन स्टोअर गेलं पश्चिमेला, आईंची खोली आली पूर्वेकडे, अन तिच्या खिडकीबाहेर तीन बाय तीनचा चौकोन, कूलरचा.

आता ह्याचं कारण थोडक्यात. आपल्याकडे २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा दिवसभर भाजतो तो स्लॅब. अन तीननंतर ऊन येतं ते पश्चिमेच्या भिंतीवर, ती भिंत तापते अन रात्री आत गरमी सोडत बसते. ह्याच गावानं २०१३च्या मे महिन्यात ४७.९ डिग्री पाह्यलंय. म्हणून पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर, जिथं आपण बसत नाही ते. परत सांगते, पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर. काच लावायची हौसच असेल तर उत्तरेला लावा, अन वर चांगला दोन फुटाचा छज्जा काढा.

कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते, म्हणून तो खिडकीबाहेर, अन समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होते. तुम्हाला माहीतच आहे, पण आर्किटेक्टला सांगा.

अरे, वेळ संपत आला. कागद तसाच राह्यला. भरभर सांगते.

पाया. बेसा काय अन हिंगणा काय, काळी माती लागली की ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, अन वरच्या भिंतीला तडे जातात. खाली मुरूम लागेपर्यंत खोदा, ठेकेदार म्हणेल एवढ्यात भागते, नाही भागत. मुरूम फार खोल असेल तर पाईलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांचा पाया लागतो, ते इंजिनिअरला विचारा, मला नाही. खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका, जोत्यात मुरूमच.

स्लॅब. तराई, तराई अन तराई, म्हणजे काँक्रीट सतत ओलं ठेवणं. पीपीसी, म्हणजे फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं सिमेंट असेल अन उन्हाळा असेल तर निदान चौदा दिवस पाणी, स्लॅबवर आळी बांधून. आमच्याकडे एक दिवस पाणीवाला पोरगा आला नाही तर हे ऑफिसचे कपडे घालून पाईप धरून उभे होते. गच्चीवर नंतर चायना मोझॅक लावा, पांढरी फुटकी टाईल, ऊन बरंच परत जातं. नाहीतर दर मार्चमध्ये चुना मारा, तो स्वस्त पडतो.

लाईटचे पॉइंट छपाईच्या, म्हणजे प्लास्टरच्या आधी ठरवा, अन ठरवताना खोलीत पलंगाच्या मापाची रेघ मारा, परत तीच फक्की. आमच्याकडे एवढं करूनही एक बोर्ड कपाटामागे गेलाच.

अन झाडं. नवीन घरासमोर ते दोन पाम कशाला लावता हो? ना सावली ना फळ, पाखरूही बसत नाही. पश्चिमेला कडुनिंब लावा, भिंतीपासून जरा दूर. आमचा आता पहिल्या मजल्याला लागलाय.

डीपीला तो ग्रे फोटो अजूनही आहे बरं का, ह्यांनी बदलला नाही. खरं घर पिवळसर आहे. सासूबाई चार वाजता कूलरसमोर बसतात, गुडघ्यावर चादर घेऊन, अन त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या राह्यल्यात म्हणून सकाळपासून माझ्या मागे आहेत, तेव्हा मी आता निघते, जाताना वाळा घ्यायचा आहे. नमस्कार.