सिम रेसिंग सुरू करताय? आधी ब्रेककडे बघा

नमस्कार! सिम रेसिंगचा, म्हणजे कॉम्प्युटर किंवा कन्सोलवर खऱ्यासारखी रेस कार चालवण्याचा सेटअप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न स्टिअरिंगचाच येतो. कुठलं घेऊ, किती ताकदीचं घेऊ? हातात तेच येतं, त्यामुळे साहजिक आहे. पण मी आज पायांबद्दल बोलणार आहे. लॅपमधला वेळ सगळ्यात जास्त ब्रेकवर मिळतो आणि ब्रेकवरच जातो.

रेस कारचं ब्रेक पेडल दाबलं तरी फारसं आत जात नाही. तुम्ही जितका जोर लावाल तितका हायड्रॉलिक दाब तयार होतो आणि त्या प्रमाणात गाडी हळू होते. सुरुवातीच्या बऱ्याच पेडल सेटमध्ये मात्र पेडल किती आत गेलं तेवढंच मोजलं जातं. लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) असलेलं पेडल थेट जोर मोजतं. पायाला जोर लक्षात राहतो, अंतर तितकंसं राहत नाही. म्हणून लोड सेलवर दर लॅपला तेवढाच ब्रेक लावणं सोपं जातं.

आणि खरी गंमत ब्रेक सोडण्यात आहे. सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक दाबायचा आणि वळणात शिरताना तो हळूहळू सोडत जायचा. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. ब्रेकमुळे गाडीचा भार पुढच्या टायरांवर येतो, त्यांची पकड वाढते आणि गाडी वळते. ब्रेक एकदम सोडलात तर भार मागे जातो आणि गाडीचं नाक वळणाबाहेर जायला लागतं. म्हणूनच बजेट मर्यादित असेल तर माझं मत स्पष्ट आहे: स्टिअरिंग साधं चालेल, ब्रेक चांगला घ्या.

आता एक अडचण. एवढ्या जोरात ब्रेक दाबला की चाकांची खुर्ची मागे पळते आणि पेडल पुढे सरकतात. पेडल भिंतीला टेकवा. खुर्चीची चाकं जुन्या बुटांत बसवा. हसू नका, जगभरचे सिम रेसर हेच करतात! पुढे स्टँड किंवा ॲल्युमिनियम प्रोफाइलची रिग (सीट, स्टिअरिंग आणि पेडल घट्ट बसवायची चौकट) घेता येईल.

स्टिअरिंगचे तीन प्रकार: गिअरवाले, बेल्टवाले आणि डायरेक्ट ड्राइव्ह. लॉजिटेकचे जी२९ आणि जी९२३ गिअरवाले, ताकद साधारण २ न्यूटन मीटर. फॅनाटेकचा सीएसएल डीडी डायरेक्ट ड्राइव्ह, ५ न्यूटन मीटरचा. त्यात चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, त्यामुळे बारीकसारीक हालचाल मधे हरवत नाही. पुढचे टायर घसरायला लागले की स्टिअरिंग हलकं पडतं, आणि हा इशारा हाताला कळला पाहिजे. म्हणून गेममध्ये फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर स्टिअरिंगमधून हाताला देते तो जोर, उगाच वाढवू नका. मोटरची मर्यादा संपली की सगळे मोठे धक्के सारखेच लागतात. याला क्लिपिंग म्हणतात.

आणि हो, कन्सोलवर खेळणार असाल तर स्टिअरिंग त्यावर चालतं का ते आधी बघा. जी२९ प्लेस्टेशनला चालतं, एक्सबॉक्सला नाही. गिअर शिफ्टर, हँडब्रेक आत्ता विसरा. जीटी३ प्रकारच्या रेस गाड्यांना गिअर बदलायला स्टिअरिंगमागचे पॅडलच असतात.

एक फुकटची सुधारणा सांगतो: फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे गेम स्क्रीनवर किती रुंद कोनातलं दृश्य दाखवतो ते. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटीमीटर रुंद असतो. डोळे त्यापासून ६० सेंटीमीटरवर असतील तर आडवा कोन येतो ५३ अंश आणि उभा सुमारे ३१. असेटो कोर्सा या गेममध्ये उभा कोन भरायचा असतो. सुरुवातीला चित्र फार जवळ आल्यासारखं वाटेल, वेगही कमी वाटेल. पण कोन गरजेपेक्षा मोठा ठेवला तर वळण आहे त्याहून लांब दिसतं आणि ब्रेक उशिरा लागतो. मॉनिटर स्टिअरिंगच्या मागे जितका जवळ आणता येईल तितका आणा.

गाडी कुठली? माझी निवड माझदा एमएक्स-५. ताकद कमी, वजन कमी, आणि भार कुठे सरकतोय ते छान कळतं. २००८ पासून चालू असलेल्या आयरेसिंग या ऑनलाइन रेसिंग गेममध्येही नवख्यांना हीच गाडी मिळते. एकच ट्रॅक निवडा आणि एकटेच चालवा. पेडलचा आलेख स्क्रीनवर चालू ठेवा. ब्रेकची रेघ चढताना उभी आणि उतरताना तिरकी हवी. सलग दहा लॅप ती तशीच आली की पहिल्या ऑनलाइन रेसला नाव नोंदवा.